मृत्युपत्रातील रिकामी जागा

लंडन येथील राष्ट्रीय अभिलेखागारात विल्यम शेक्सपिअरचे मृत्युपत्र जपून ठेवलेले आहे. ते तीन कागदांचे असून त्यावर २५ मार्च १६१६ ही तारीख आहे. म्हणजे नाटककाराच्या मृत्यूच्या जेमतेम एक महिना आधीची. त्यात घरे आहेत, जमिनी आहेत, चांदीची भांडी आहेत, अंगावरचे कपडेही आहेत. नाटकांचा किंवा कवितांचा मात्र एका शब्दानेही उल्लेख नाही. १७४७ साली जोसेफ ग्रीन नावाच्या धर्मगुरूला या मृत्युपत्राची एक नक्कल सापडली, तेव्हा त्याची मोठी निराशा झाली. महाकवीच्या लेखणीचा स्पर्श जिथे दिसावा, तिथे त्याला एका व्यवहारी गृहस्थाची वाटणी दिसली.

या वाटणीत शेक्सपिअरची बहीण जोन हिच्या वाट्याला वीस पौंड, भावाचे सारे कपडे आणि हेन्ली स्ट्रीटवरील वडिलार्जित घरात वर्षाला बारा पेन्स भाड्याने आमरण राहण्याचा हक्क आला. तिच्या तीन मुलांना प्रत्येकी पाच पौंड देण्याचीही तरतूद आहे. एका मुलाचे नाव विल्यम हार्ट, दुसऱ्याचे मायकेल हार्ट. या दोघांच्या मध्ये जो तिसरा भाचा यावयाचा, त्याच्या नावाच्या ठिकाणी कोरी जागा आहे, आणि तिच्यापुढे केवळ 'हार्ट' एवढे आडनाव. मामाला भाच्याचे नाव ऐनवेळी आठवले नाही, की लिहिणाऱ्याला ते नीट ऐकू आले नाही, हे कागद सांगत नाही. मागाहून विचारून भरू, अशा हेतूने सोडलेली जागा तशीच राहून गेली, एवढे खरे.

जुन्या कागदांतून पूर्वजांचा माग काढू पाहणाऱ्याला या रिकाम्या जागेपासून पुष्कळ शिकता येण्यासारखे आहे. कारण ही जागा भरून काढणारा दुसरा कागद त्याच गावात होता. आणि तो कागद एका अगदी निराळ्या कारणासाठी लिहिला जात होता.

इंग्लंडात प्रत्येक गाव किंवा मोठ्या शहराचा एकेक भाग एका चर्चच्या कक्षेत येतो. त्या कक्षेला पॅरिश म्हणतात. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने अशी आज्ञा काढली की, प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूने एक वही ठेवावी आणि तीत त्या आठवड्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने दर रविवारी लिहावीत. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावयाची, एक किल्ली धर्मगुरूकडे आणि दुसरी चर्चची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे. नोंद करण्यात कसूर झाल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड, आणि त्या दंडातून चर्चची डागडुजी. वंशावळी रचणाऱ्यांच्या सोयीचा विचार या आज्ञेत कोठेही नव्हता. लोकांना तर ती एखाद्या नव्या कराची पूर्वतयारी वाटली, आणि त्यांच्यात बरीच कुजबुज झाली.

या पहिल्या वह्या बहुधा साध्या कागदाच्या होत्या. ओल, उंदीर आणि हलगर्जीपणा यांपुढे त्या टिकणे कठीण होते. म्हणून १५९८ मध्ये असे ठरले की, जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरून घ्याव्यात, विशेषतः राणी एलिझाबेथ गादीवर आल्यापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या. या 'विशेषतः' शब्दाचा पुष्कळ धर्मगुरूंनी आपल्या सोयीचा अर्थ केला. त्यांनी १५५८ पासूनच्याच नोंदी उतरविल्या आणि त्याआधीची वीस वर्षे सोडून दिली. सरकारी हुकमातील एका शब्दाने अशी हजारो कुटुंबांची एक पिढी पुसली गेली. त्याच हुकमाने दुसरी एक गोष्ट मात्र फार चांगली केली. प्रत्येक वर्षाच्या नोंदींची एक प्रत बिशपच्या कचेरीत पाठविण्याचा नियम त्याने सर्वत्र लागू केला. त्यामुळे मूळ वही जळाली वा हरवली, तरी कित्येकदा ही प्रत उपयोगी पडते.

शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावची वही १५५८ पासूनच सुरू होते, आणि तिची आरंभीची पाने अशीच मागाहून उतरलेली आहेत. तीत २६ एप्रिल १५६४ या दिवसाखाली लॅटिनमध्ये एवढीच नोंद आहे की, जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम याचा बाप्तिस्मा झाला. जन्मदिवस नाही, घर कोणते ते नाही, आईचे नाव नाही. जग ज्याचा जन्मोत्सव २३ एप्रिलला साजरा करते, त्याच्या जन्माची तारीख कोणत्याही कागदावर नाही. बाप्तिस्म्याच्या दिवसावरून केलेला तो अदमास आहे. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात एका उमेदवार कामगाराच्या दफनाच्या नोंदीपाशी, येथे प्लेगला आरंभ झाला, अशा अर्थाचे दोन-तीन शब्द लिहिलेले आहेत. त्यानंतर दफनांची संख्या एकदम वाढते. तीन महिन्यांचे ते मूल त्या उन्हाळ्यात जगले, ही गोष्ट त्या पानांवरून किती नवलाची वाटते! पुढे ११ ऑगस्ट १५९६ खाली त्याच्याच अकरा वर्षांच्या मुलाच्या, हॅम्नेटच्या, दफनाची नोंद येते. मृत्यूचे कारण तीत नाही. वही शोक करीत नाही. ती दिवस आणि नाव लिहिते आणि पुढच्या ओळीकडे वळते.

मग या मुलाची आजी, म्हणजे विल्यमची आई, कोण? तिच्या विवाहाच्या वेळी स्ट्रॅटफर्डची ही वही सुरूच झालेली नव्हती. आणि मुलाच्या बाप्तिस्म्यात तर आईचे नाव लिहिण्याची पद्धत नव्हती. येथे नोंदवही हात टेकते आणि मृत्युपत्र बोलू लागते. २४ नोव्हेंबर १५५६ रोजी विल्मकोट गावच्या रॉबर्ट आर्डन या शेतकऱ्याने आपले मृत्युपत्र केले. त्याला आठ मुली होत्या. त्यांतील सर्वांत धाकट्या मेरीला त्याने आपली एक जमीन व दहा मार्क, म्हणजे सहा पौंड तेरा शिलिंग चार पेन्स, दिले, आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांत तिचे नाव घातले. हीच मेरी पुढे जॉन शेक्सपिअरची पत्नी झाली. रॉबर्टच्या मृत्यूनंतर घरातील वस्तूंची यादी करण्यात आली. तीत बैल, गाई आणि भिंतीवर टांगावयाची चित्रित कापडेही आहेत. बापाने धाकट्या मुलीवर किती विश्वास टाकला आणि ती कशा घरातून आली, हे सारे या दोन कागदांवरून समजते. बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून माणूस केव्हा होऊन गेला हे कळते. तो कोणाचा होता हे मृत्युपत्रावरून कळते.

परंतु मृत्युपत्र शोधावयाचे तरी कोठे? १८५८ पर्यंत इंग्लंडात मृत्युपत्रांना मान्यता देण्याचे काम चर्चच्या न्यायालयांकडे होते. मालमत्ता एकाच बिशपच्या हद्दीत असेल तर ते काम तेथेच होई. ती एकाहून अधिक हद्दींत असेल आणि तिची किंमत पाच पौंडांच्या वर असेल, तर प्रकरण आर्चबिशपच्या वरिष्ठ न्यायालयाकडे जाई. शेक्सपिअर स्ट्रॅटफर्डला वारला. पण लंडनमध्ये त्याचे एक घर होते. म्हणून त्याच्या जावयाने २२ जून १६१६ रोजी मृत्युपत्र मंजूर करून घेतले ते लंडनमध्ये, कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात. यावरून असे दिसेल की, पूर्वज कोठे राहत होता एवढे कळून भागत नाही. त्याची मालमत्ता कोठे कोठे होती हेही शोधावे लागते. १२ जानेवारी १८५८ पासून हे काम सरकारी न्यायालयाकडे आले, आणि तेव्हापासूनच्या मृत्युपत्रांचा शोध पुष्कळ सुकर झाला.

मृत्युपत्र करणारे लोक अर्थातच थोडे. ज्याच्यापाशी वाटावयास काही नाही, तो कशाचे मृत्युपत्र करणार? विवाहित स्त्रीला तर १८८२ च्या कायद्यापर्यंत पतीच्या संमतीवाचून, काही अपवाद सोडल्यास, मृत्युपत्रच करता येत नसे. त्यामुळे जुन्या मृत्युपत्रांत स्त्रीचा आवाज ऐकू येतो तो बहुधा विधवेचा किंवा अविवाहितेचा. शेक्सपिअरच्या मृत्युपत्रात त्याची पत्नी 'माझी पत्नी' एवढ्याच शब्दांत येते, आणि तीही दोन ओळींच्या मध्ये मागाहून घातलेल्या एका वाक्यात. या वाक्याने तिला दुय्यम प्रतीचा पलंग मिळाला. तिचे नाव त्या तीन कागदांत कोठेही नाही. अगदी गरिबाचे चरित्र त्याहून निराळ्या कागदांत सापडते. १६६२ च्या कायद्यानंतर, गरजू मनुष्याचे पोषण कोणत्या पॅरिशने करावयाचे हे ठरविण्यासाठी त्याची जबानी घेतली जाऊ लागली. जन्म कोठे झाला, चाकरी कोणाकडे केली, लग्न केव्हा झाले, हे सारे तीत येते. पॅरिशवर त्याचा भार पडू नये म्हणून लिहिलेला हा कागद आज त्याच्या वंशजांना त्याची आठवण देतो.

आता त्या रिकाम्या जागेकडे वळावयास हरकत नाही. स्ट्रॅटफर्डच्या वहीत जोन हार्टच्या मुलांचे बाप्तिस्मे आहेत. विल्यमचा १६०० मधला, मायकेलचा १६०८ मधला. आणि या दोहोंच्या मध्ये, २४ जुलै १६०५ रोजी, थॉमसचा. मामाच्या मृत्युपत्रात जे नाव राहिले, ते अकरा वर्षे आधीच चर्चच्या वहीत लिहिलेले होते.

गोष्ट येथेच थांबत नाही. शेक्सपिअरचा एकुलता एक मुलगा लहानपणी गेला. धाकट्या मुलीला तीन मुलगे झाले. पहिला तान्हेपणीच वारला, आणि उरलेल्या दोघांची दफने १६३९ साली एका महिन्याच्या आत नोंदलेली आहेत. थोरल्या मुलीची एलिझाबेथ ही एकच कन्या. तिला मूल झाले नाही. १६७० मध्ये मरणापूर्वी तिने मृत्युपत्र केले आणि हेन्ली स्ट्रीटवरील घरे दिली ती थॉमस हार्टच्या मुलाला. त्याचेही नाव थॉमस. आणि त्याच्यामागून जॉर्ज हार्टला. तिच्याबरोबर कवीचा थेट वंश संपला. पण त्याच्या जन्मस्थानाचे घर हार्टांकडे राहिले, ते १८०६ मध्ये विकले जाईपर्यंत. ज्या भाच्याच्या नावाची जागा कोरी राहिली होती, त्याच्याच वंशाने ते घर पुढे चालविले.

हा सारा धागा दोन मृत्युपत्रे आणि एक वही यांवर उभा आहे. यांतील एकही कागद एकट्याने पुरेसा नाही. शोध घेणाऱ्याने म्हणून काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य असे की, नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे मानू नये. स्ट्रॅटफर्डमध्ये कवीच्या वडिलांशिवाय जॉन शेक्सपिअर नावाचा दुसरा एक गृहस्थ होता. तो जोडे शिवीत असे. त्याच्या मुलांचे बाप्तिस्मेही त्याच वहीत आहेत. १७०९ साली निकोलस रो याने शेक्सपिअरचे चरित्र लिहिले, तेव्हा हा भेद ध्यानात न आल्यामुळे कवीच्या वडिलांना एकंदर दहा मुले होती असे त्यात छापले गेले. चांभाराची मुले हातमोजेवाल्याच्या घरी जाऊन बसली, आणि त्यांना परत आपल्या घरी पोहोचविण्यास अभ्यासकांना बराच काळ लागला.

दुसरे पथ्य तारखांचे. इंग्लंडात १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग जुन्या वर्षातच मोडे. हॅम्नेट आणि त्याची जुळी बहीण यांचा बाप्तिस्मा वहीत १५८४ च्या फेब्रुवारीत आहे. आजच्या गणनेने ते वर्ष १५८५. हा फरक न जाणणारा मनुष्य मुलांना आईबापांच्या विवाहाआधी जन्माला घालू शकतो, किंवा मृताला मरणानंतर सही करावयास लावू शकतो.

तिसरे पथ्य सर्वांत कठीण, कारण ते स्वतःच्या मनाशी पाळावयाचे असते. १५९६ मध्ये शेक्सपिअरच्या वडिलांना कुलचिन्ह मिळावे म्हणून जो मसुदा तयार झाला, त्यात असे म्हटले आहे की, त्यांच्या पूर्वजांना शूर व निष्ठावंत सेवेबद्दल सातव्या हेन्रीने गौरविले होते. या गौरवाला पुष्टी देणारा दुसरा कागद मिळालेला नाही. जॉनचे वडील म्हणून ज्याचे नाव अभ्यासक घेतात, तो रिचर्ड शेक्सपिअर हा स्निटरफील्ड गावी दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी होता. त्याच्या मरणानंतर १५६१ मध्ये त्याच्या चीजवस्तूंची किंमत ३८ पौंड १७ शिलिंग झाली. एका बाजूला राजाने गौरविलेले पूर्वज, आणि दुसऱ्या बाजूला अडतीस पौंडांचा हा शेतकरी. यांतील कोणता आजा घरात ठेवावा, असा प्रश्न कधी ना कधी प्रत्येक कुळापुढे येतो.

आपल्याकडेही असे कागद आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या धर्मगुरूंनी केलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. मुंबईच्या अशा नोंदी १७०९ पासूनच्या आहेत. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे जी मेयर न्यायालये स्थापन झाली, त्यांना मृत्युपत्रे मंजूर करण्याचाही अधिकार होता. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी केलेल्या अशा मृत्युपत्रांत त्यांच्या घरी राहिलेल्या भारतीय स्त्रियांसाठी नेमणुकी आढळतात. पुष्कळदा त्या स्त्रीचे पुरते नावही तेथे नसते. मुलाचा बाप्तिस्मा नोंदलेला असतो, बापाचे नाव, हुद्दा सारे असते. आईच्या ठिकाणी काही नसते, किंवा ती 'देशी स्त्री' होती एवढेच असते. रॉबर्ट आर्डनसारखा या स्त्रियांचा बाप मृत्युपत्र लिहून गेला नाही. त्यामुळे त्यांच्या रिकाम्या जागा भरणारा दुसरा कागद सहसा मिळत नाही.

गोव्यातील आणि वसईकडील ख्रिस्ती कुटुंबांचा शोध निराळ्या वाटेने जातो. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाह व बाप्तिस्मा यांच्या वह्या ठेवण्याचा नियम केला, आणि तो पोर्तुगीज मुलुखातील चर्चांनाही लागू झाला. गोव्यातील वंशज या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मागे जातो, आणि शेवटी पहिल्या बाप्तिस्म्यापाशी येऊन पोहोचतो. तेथे कुटुंबाने नवे नाव घेतले. आडनाव कित्येकदा धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे. त्यापलीकडचे मूळ नाव हाती लागावयाचे तर चर्चची वही मिटून गावकरीच्या जुन्या दप्तराकडे वळावे लागते. एकाच घराची कुळकथा अशी दोन धर्मांच्या आणि दोन लिप्यांच्या कागदांत वाटली गेलेली असते. ती जोडू पाहणाऱ्याला दोन्हीकडे आदराने जावे लागते.

आज यांतील पुष्कळ वह्यांची व मृत्युपत्रांची छायाचित्रे दूरदेशी बसून पाहता येतात. पूर्वी ज्या शोधाला वर्षे लागत, तो काही तासांत होऊ शकतो. चुकीचा पूर्वज सापडण्यालाही आता तितकाच थोडा वेळ लागतो. म्हणूनच स्ट्रॅटफर्डच्या त्या मृत्युपत्रातील कोऱ्या जागेचे मोल वाढले आहे. लिहिणाऱ्याला नाव ठाऊक नव्हते, तर त्याने ते बनविले नाही. त्याने जागा सोडली. त्याने अंदाजाने जॉन किंवा हेन्री असे काही लिहिले असते, तर थॉमस हार्ट आणि मृत्युपत्रातील तो भाचा यांचा मेळ घालण्यात कितीतरी पिढ्यांचे श्रम वाया गेले असते.

विसाव्या शतकात अनेक मराठी कुळांनी मोठ्या परिश्रमाने आपले कुलवृत्तांत प्रसिद्ध केले, आणि हे काम अजूनही चालू आहे. त्यांच्या पानांवर पुरुषांची नावे ओळीने येतात. त्यांच्या पत्नींच्या जागी मात्र, जितके मागे जावे तितक्या, कोऱ्या जागा वाढत जातात. कोठे माहेरचे नाव नाही, कोठे सासरचेही नाही. या जागा कल्पनेने भरण्यासारख्या नाहीत, आणि मिटवून टाकण्यासारख्याही नाहीत. त्या जशाच्या तशा छापाव्यात, आणि पुढच्या पिढीने घरातील जुनी पेटी, कज्जाचे कागद, दानपत्रे, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या पुन्हा एकदा चाळून पाहाव्यात. स्ट्रॅटफर्डच्या त्या मुलाचे नाव त्याच्या गावच्या वहीत लिहिलेले होते. कोणीतरी ती उघडून पाहण्याचाच अवकाश होता.